ब्यूसिंगन: मतदान जर्मनीत, बाजार स्वित्झर्लंडचा

ऱ्हाईनचा धबधबा बघायला जाणाऱ्या पर्यटकांच्या बसेस स्वित्झर्लंडच्या उत्तर टोकाला, शाफहाउझेन शहराजवळ थांबतात. फोटो होतात, बस झुरिककडे परत फिरते. पण त्याच शाफहाउझेनमधून नदीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे चारेक किलोमीटर गेलं की आपण जर्मनीत पोचतो. वाटेत चौकी नाही, कुणी पासपोर्ट मागत नाही. आणखी थोडं पुढे गेलं की पुन्हा स्वित्झर्लंड. मधल्या या जर्मन तुकड्याचं नाव ब्यूसिंगन अम होखऱ्हाईन. क्षेत्रफळ ७.६२ चौरस किलोमीटर, वस्ती साधारण दीड हजार. कायद्याने हे गाव बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या कॉन्स्टान्स जिल्ह्यात मोडतं, पण त्याच्या चहूबाजूंना स्वित्झर्लंड आहे. जर्मनीची सलग भूमी सगळ्यात जवळ जिथे येते, तिथेही मध्ये सुमारे ७०० मीटरची स्विस पट्टी उरते.

अशा वेढलेल्या तुकड्याला एन्क्लेव्ह म्हणतात. जगात असे तुकडे बरेच आहेत आणि त्यांच्याबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक गंमत म्हणून: दोन पिनकोड, दोन देशांचे फोन, वगैरे. गंमत आहेच, पुढे सांगतोही. पण ब्यूसिंगन मला त्याहून कामाचं वाटतं. ‘देश’ म्हटलं की नागरिकत्व, कोर्टकचेऱ्या, शाळा, चलन, कर, कस्टम, पोलीस हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असणार, असं आपण धरून चालतो. ब्यूसिंगनमध्ये ते गाठोडं सोडलेलं आहे. काही वस्तू जर्मनीने ठेवून घेतल्या, काही स्वित्झर्लंडला दिल्या, आणि एकदोन गोष्टींत दोघांचाही हात आहे. त्यामुळे कुठला अधिकार नेमका कशासाठी लागतो, हे इथे सुटं सुटं दिसतं.

आधी रोजचा व्यवहार घेऊ. अधिकृत चलन युरो, पण गावात चालतो स्विस फ्रँक. बरीच कामकरी माणसं शाफहाउझेन किंवा झुरिककडे नोकरीला जातात, पगार फ्रँकमध्ये येतो आणि फ्रँकमध्येच खर्च होतो. १९८०च्या दशकापर्यंत तर जर्मन मार्क इथे चालत नसे. जर्मन पोस्टात जर्मन तिकीट घ्यायचं, तरी पैसे फ्रँकमध्ये मोजायचे! दुकानातल्या बिलावर मूल्यवर्धित कर लागतो तो स्विस दराने, ८.१ टक्के. जर्मनीत हाच दर १९ टक्के आहे. म्हणून ब्यूसिंगनमध्ये स्वस्ताई असेल असं वाटेल, तर तसं नाही. कर कमी असला तरी मूळ किंमतच स्विस, आणि स्विस किमती म्हणजे काय हे तिथे एक कॉफी प्यायलेल्या माणसाला विचारा.

मग लोक काय करतात? तेच, जे सीमेजवळचे स्विस लोक करतात. गाडी काढून जर्मनीत बाजारहाट करायला जातात. आता गंमत बघा. ब्यूसिंगनचा जर्मन नागरिक जर्मनीतल्या दुकानातून सामान घेऊन जर्मनीतल्याच आपल्या घरी येतो, पण कस्टमच्या लेखी ती आयात असते. मटण किंवा कुठलंही मांस माणशी दिवसाला एक किलोपर्यंत बिनशुल्क, त्याच्यावर पैसे भरा. एकूण खरेदी माणशी १५० फ्रँकच्या वर गेली की स्विस मूल्यवर्धित कर भरा. ही मर्यादा आधी ३०० फ्रँक होती, २०२५पासून अर्ध्यावर आली. जर्मनीतून मागवलेलं पार्सलही याच वाटेने येतं.

हा गुंता झाला कसा? त्याचं मूळ आहे भाऊबंदकीत.

गावाची पहिली लेखी नोंद १०९० सालची. गावाबाहेर टेकडीवर संत मायकेलचं जुनं चर्च आहे आणि शाफहाउझेन अजून लहान होतं तेव्हा तिथले लोक या टेकडीवरच्या चर्चच्या कक्षेत होते. पुढे उलटं झालं. शाफहाउझेन व्यापारावर गब्बर झालं, १५०१मध्ये स्विस संघात गेलं आणि आजूबाजूच्या खेड्यांवर आपली सत्ता पसरवू लागलं. ब्यूसिंगनवर मात्र वरची सत्ता ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याची होती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सार्वभौम एक, परगणा त्याच्या नावाचा, गावची वतनदारी इम टुर्न नावाच्या घराण्याकडे आणि शेजारचं शहर सगळ्यावर डोळा ठेवून. इम टुर्न घराणंही शाफहाउझेनचंच, आणि शहर कट्टर प्रोटेस्टंट.

१७व्या शतकाच्या अखेरीला ब्यूसिंगनचा वतनदार होता एबरहार्ड इम टुर्न. त्याचं नातलगांशी फाटलं, धर्मोपदेशकाशी फाटलं, आणि तो आतून कॅथलिकांकडे झुकलाय असा बोलबाला झाला. त्या काळात हा आरोप एखाद्याला संपवायला पुरेसा होता. १० एप्रिल १६९३ रोजी त्याच्या नातलगांनीच त्याला पळवून नेलं आणि शाफहाउझेनच्या हवाली केलं. शहराने त्याला जन्मठेप ठोठावली.

इथे ऑस्ट्रियाचं डोकं फिरलं. इम टुर्न आमचा मांडलिक, गुन्हा असेल तर न्याय आम्ही करणार, तुम्ही कोण त्याला कोंडणारे? वाद धर्माचा कमी आणि अधिकाराचा जास्त होता. दमदाटी झाली, व्यापार रोखण्याची भाषा झाली, लष्कर पाठवण्याची धमकी झाली. सहा वर्षांनी, १६९९मध्ये, शाफहाउझेनने त्याला सोडलं. सोडलं म्हणजे माफी मागून नाही, नाइलाजाने. मधल्या काळात ऑस्ट्रियाने राइयाट भागातल्या खेड्यांवरचे शाफहाउझेनकडे असलेले हक्कही काढून घेतले होते.

१७२३मध्ये पैसे मोजून शाफहाउझेनने राइयाटची खेडी परत मिळवली. ब्यूसिंगन सोडून. १७७०मध्ये ऑस्ट्रियाने शेजारच्या रामझेन आणि ड्योर्फलिंगन या गावांवरचे हक्क झुरिकला विकून टाकले. पुन्हा ब्यूसिंगन सोडून. नकाशा समोर ठेवला तर दुसरा सौदा निर्णायक होता हे कळतं. ड्योर्फलिंगन हे ब्यूसिंगन आणि बाकीचा ऑस्ट्रियन मुलूख यांच्या मधलं गाव. ते स्विसांकडे गेलं त्या दिवशी ब्यूसिंगनभोवतीचा वेढा पुरा झाला. शाफहाउझेनच्या डोळ्यांत कायम सलत राहावं म्हणून हे एक गाव ऑस्ट्रियाने मुद्दाम हातचं ठेवलं, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजकारणात आकस किती टिकतो याचा अंदाज यावरून करा: ऑस्ट्रियाचं साम्राज्य बुडालं, आकस नकाशावर राहिला.

पुढचे मालक पटापट बदलले. नेपोलियनने ऑस्ट्रियाला हरवल्यावर १८०५च्या प्रेसबुर्गच्या तहात ब्यूसिंगन वुर्टेमबर्गला गेलं, १८१०मध्ये बाडेनला. बाडेन १८७१मध्ये जर्मन साम्राज्यात सामील झालं आणि गावही त्याच्याबरोबर गेलं. यातल्या एकाही वेळी गावकऱ्यांना कुणी विचारलं नाही.

मधेच १८४९चा एक प्रसंग आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाडेनमधला लोकशाहीवाद्यांचा उठाव प्रशियाच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी त्या उन्हाळ्यात चिरडला. त्या फौजेतली हेसेनची एक तुकडी, सुमारे १७० माणसं, जुलैमध्ये कॉन्स्टान्सहून आगबोटीत बसून ऱ्हाईनने ब्यूसिंगनला उतरली. गावात बंडखोर आहेत, त्यांचा बंदोबस्त करायचा होता. तिथवर सगळं ठीक. अडचण अशी, की तिथे पोचायला नदीचा जो भाग ओलांडावा लागतो त्याच्या दोन्ही काठांवर स्वित्झर्लंड आहे आणि परवानगी कुणी घेतलीच नव्हती. स्विसांनी परतीची वाट अडवली. १७० शिपाई चिमुकल्या गावात अडकून पडले. आजचं स्विस संघराज्य तेव्हा वर्षभराचंही नव्हतं. त्याने जनरल द्युफूरच्या हाताखाली वीस हजारांहून जास्त सैनिक उभे केले. सुदैवाने गोळी झाडली गेली नाही. वाटाघाटी होऊन महिन्याच्या अखेरीला तुकडी आली तशी परत गेली.

गावकऱ्यांना विचारण्याची वेळ पहिल्या महायुद्धानंतर आली. जर्मनी हरली होती, खायची भ्रांत होती आणि सभोवार पोटभर खाणारा स्वित्झर्लंड होता. गावात कौल घेतला तेव्हा ९६ टक्के लोकांनी स्वित्झर्लंडमध्ये जायचं म्हणून मत दिलं. झालं काहीच नाही. जर्मनीला जमिनीच्या बदल्यात जमीन हवी होती आणि द्यायला योग्य असा तुकडा स्विसांना सापडला नाही. दीड शतकापूर्वी दोन सत्ता पैसे मोजून गावं विकत होत्या तेव्हा व्यवहार झटपट होत. लोकांची इच्छा मध्ये आल्यावर मात्र हिशेब जमेना!

दुसऱ्या महायुद्धात तर हे गाव नाझी जर्मनीचा भाग, आणि चहूकडे तटस्थ देश. आघाडीवरून रजेवर आलेल्या ब्यूसिंगनच्या सैनिकाने घरी जायचं कसं? तटस्थ देशातून परक्या सैन्याच्या गणवेशात हत्यार घेऊन फिरता येत नाही. यावर निघालेला तोडगा असा: गाइलिंगनच्या जर्मन चौकीवर शस्त्रं जमा करायची, स्विस कस्टमवाले गणवेश झाकायला एक लांब ओव्हरकोट उसना द्यायचे, तो चढवून ड्योर्फलिंगनमधून चालत घर गाठायचं. कायद्याचं समाधान एका कोटावर झालं.

हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांचे तुकडेही असेच भारताने वेढलेले होते. १९५४मध्ये ते मुक्त झाल्यावर दमणहून तिथे जायच्या वाटेचा हक्क मागत पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९६०चा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. न्यायालयाने शब्दांत जी रेघ ओढली, तीच गाइलिंगनच्या चौकीवर त्याआधी कोटाने ओढली होती.

आजची व्यवस्था एका कराराने ठरली. २३ नोव्हेंबर १९६४ रोजी पश्चिम जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनी सही केली, ४ ऑक्टोबर १९६७पासून तो लागू झाला. सार्वभौमत्वाला हात न लावता ब्यूसिंगनला स्वित्झर्लंडच्या कस्टम क्षेत्रात घेतलं गेलं. म्हणजे गाव जर्मनीचंच, पण मालाच्या दृष्टीने स्वित्झर्लंडचा भाग. त्यामुळे गाव आणि शाफहाउझेन यांच्यामधली कस्टमची तपासणी संपली, आणि शेतमाल, दारू, अप्रत्यक्ष कर अशा विषयांत स्विस कायदा चालू लागला. मतदान, न्यायालय, नागरी कायदा, शाळा, प्राप्तिकर हे जर्मनीकडे राहिलं. त्याच सुमाराला फेरेनाहोफ नावाचा तीन घरांचा दुसरा एक जर्मन तुकडा जमिनीची अदलाबदल करून स्वित्झर्लंडला देऊन टाकला. तीन घरांचा सौदा जमतो, आख्ख्या गावाचा जमत नाही.

युरोपीय संघाचं काय? जर्मनी सदस्य, म्हणून ब्यूसिंगनचे लोक युरोपीय संसदेसाठी मत देतात. पण संघाच्या कस्टम आणि मूल्यवर्धित कराच्या क्षेत्रात हे गाव नाही. संघाच्या कायद्यांत जिथे जिथे अपवादांची यादी येते, तिथे दीड हजार वस्तीच्या या गावाचं नाव छापलेलं सापडतं. गावात जमा होणारा मूल्यवर्धित कर स्विस तिजोरीत जातो, आणि त्यातला वाटा स्वित्झर्लंड ग्रामपालिकेला परत देतं.

पोलिसांचं प्रकरण जास्त नाजूक. पाठलाग करताना चोर ब्यूसिंगनमध्ये शिरला तर स्विस पोलीस हात चोळत बसणार का? करारात याचंही उत्तर आहे. ठरावीक बाबतींत स्विस पोलिसांना गावात येऊन कारवाई करता येते, पण एका वेळी दहापेक्षा जास्त जणांनी यायचं नाही. जर्मन पोलिसांनाही मर्यादा आहे: दर शंभर रहिवाशांमागे तीन. आणि जर्मनीतून गावात येताना जर्मन पोलिसांनी ठरलेल्या रस्त्यानेच यायचं, वाटेत पोलिसी अधिकार वापरायचा नाही.

मोटारींच्या नंबरप्लेटवर जर्मनीत जिल्ह्याची अक्षरं असतात, कॉन्स्टान्सची ‘के एन’. ब्यूसिंगनच्या गाड्यांना मात्र गावाच्या नावातली पहिली तीन अक्षरं मिळतात. कारण सरळ आहे: ही गाडी जर्मन असली तरी स्विस समजून वागवायची आहे, हे चौकीवरच्या माणसाला लांबून कळावं. गाड्या मोजक्याच, त्यामुळे ही नंबरप्लेट जर्मनीतल्या सर्वांत दुर्मीळ प्लेट्सपैकी एक. टपालाला ७८२६६ हा जर्मन आणि ८२३८ हा स्विस, असे दोन्ही कोड चालतात. गावाचा फुटबॉल क्लब खेळतो स्विस लीगमध्ये. पोरं प्राथमिक शाळेपर्यंत गावात शिकतात, पुढे जर्मन शाळा की स्विस हे आईबाप ठरवतात, आणि या निर्णयावर पोराची पुढची नोकरी कुठल्या देशात हेही बहुतेक ठरून जातं.

संगणकवाल्यांसाठी एक वेगळी गंमत. जगभरच्या संगणकांना वेळ कशी मोजायची हे सांगणारा एक सामाईक डेटाबेस असतो, आपला ‘आशिया/कोलकाता’ त्यातलाच. त्यात ‘युरोप/ब्यूसिंगन’ अशी स्वतंत्र नोंद आहे. १९८०मध्ये जर्मनीने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायला सुरुवात केली, स्वित्झर्लंडने एक वर्ष उशिरा केली. त्या एका उन्हाळ्यात ब्यूसिंगन स्विस घड्याळाबरोबर राहिलं. म्हणून तुमच्या फोनमध्येही या गावाचं नाव कुठेतरी खोल पडलेलं असणार.

इतकं वाचून कुणाला वाटेल, मजा आहे, दोन्ही देशांचं चांगलं तेवढं यांच्या वाट्याला. गावकऱ्यांची खरी कुरबुर प्राप्तिकराची आहे. तो जर्मन दराने बसतो आणि शाफहाउझेनच्या तुलनेत चांगलाच जड आहे. म्हणजे खर्च स्वित्झर्लंडचा, कर जर्मनीचा. जर्मन सरकारने महागाईची भरपाई म्हणून ब्यूसिंगनकरांना उत्पन्नावर खास सूट दिली आहे, तरी शेजारच्या स्विस गावातल्या त्याच पगाराच्या माणसाच्या हातात जास्त पैसे उरतात. कमावत्या वयाचं जोडपं हा हिशेब करतं आणि काही किलोमीटर सरकून स्वित्झर्लंडमध्ये घर घेतं. उलट, निवृत्त स्विस माणसाला पेन्शनवरचा कर इथे हलका पडतो, म्हणून ते ब्यूसिंगनला येऊन राहतात. परिणाम उघड आहे: गावात म्हातारी माणसं जास्त आणि स्विस पासपोर्टवाल्यांचं प्रमाणही मोठं. गावची लोकसंख्या कशी दिसावी हे इथे करपत्रक ठरवतं.

ही व्यवस्था मोडून सरळ जर्मनीसारखं का वागत नाहीत, असा प्रश्न येतो. इटलीने कांपिओने दितालिया या आपल्या अशाच वेढलेल्या गावाच्या बाबतीत १ जानेवारी २०२०पासून थोडं तसं केलं, त्याला युरोपीय संघाच्या कस्टम क्षेत्रात घेतलं. लगेच शेजारच्या स्विस शहरातून आणलेलं सामान कस्टमच्या कक्षेत आलं आणि वर्षानुवर्षं स्विस प्लेट लावून फिरणाऱ्या गाड्यांना इटालियन प्लेट घ्यावी लागली. ब्यूसिंगनमध्ये तसं करायचं तर १९६४चा करार सोडावा लागेल. मग नोकरीहून घरी परतताना शाफहाउझेनच्या रस्त्यावर एक चौकी, आणि जर्मनीतला माल ७०० मीटर स्विस जमिनीवरून आणायचा म्हणून त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना आणखी दोन. कराबद्दल कुरकुरणारे ब्यूसिंगनकरही हे मागत नाहीत. त्यांना हवी आहे ती प्राप्तिकरातली सूट आणखी वाढवून.